मामाजींचं पाचवं बोट

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या हाताला पाच बोटं आहेत, असं मी तलाठ्यासमोर लेखी दिलेलं आहे. खाली माझी सही आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि त्यातला एक साक्षीदार सही करताना हसत होता.

(ज्यांच्या सासऱ्यांना काहीही लिहून न देता पाच बोटं आहेत, त्यांनी आपलं नशीब ओळखावं!)

हे सगळं झालं माझ्या साडूमुळे. म्हणजे चूक माझीच होती. पण साडू नसता तर मी ती केलीच नसती, या मतावर मी आजही ठाम आहे.

माझी बायको सुनंदा ही थोरली. तिची धाकटी बहीण वंदना अकोल्याच्या डॉक्टर प्रमोदला दिलेली. होमिओपॅथीचा डॉक्टर. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देतो आणि वेळ भरपूर उरतो. मी अमरावतीला हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, बार्शीटाकळीच्या अलीकडच्या गावातले शेतकरी. मोठा जावई म्हणून मला सासरी जो काही मान होता, तो भूगोलामुळे नव्हता. तो माझ्या कॅमेऱ्यामुळे होता.

कॅमेरा फिल्मचा. अमरावतीच्या हमीदभाईंच्या स्टुडिओतून वापरलेला घेतलेला. वजन एवढं की गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नम्र दिसायचा. सोबत एक लांब लेन्स होती, तिला आतून बुरशी लागली होती. त्यामुळे फोटोतल्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक धुकं यायचं. सासूबाईंना ते फार आवडायचं. बारसं, साखरपुडा, नवा बैल, नवी मोटार (विहिरीवरची), काहीही असो, "जवाईबापूले बलवा" असा निरोप यायचा. छत्तीसच्या रोलमधून अडतीस फोटो काढणारा माणूस म्हणून दोन तालुक्यांत माझं नाव होतं.

आणि मग डॉक्टरनं डिजिटल कॅमेरा घेतला.

नुसता कॅमेरा घेतला असता तर मी एखाद्या वर्षात सावरलो असतो. त्यानं सोबत चौदा कप्प्यांची बॅग घेतली, कॉम्प्युटर घेतला, दवाखान्याचा इन्व्हर्टर घराला जोडला आणि फोटो सुधारायचं एक मोठं सॉफ्टवेअर आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "भाऊजी, मी आता लेअरमदी काम करतो."

मी म्हणालो, "वा! किती कोंबड्या हायेत?"

(मला लेअर म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्या एवढंच ठाऊक होतं. वंदना आत जाऊन हसली. बाहेर हसली असती तर कमी लागलं असतं.)

त्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही घरची माणसं, मामाजींसह, सेमाडोहला गेलो. जंगलात वाघ दिसला नाही, तो दिसतच नाही, पण वळणावर एक रानगवा येऊन उभा राहिला. असा उभा राहिला, जणू पासपोर्ट फोटोला आलाय! डॉक्टरनं सटासट साठेक फोटो काढले. आणि मी? माझा अडतिसावा फोटो नुकताच एका वारुळावर खर्च झाला होता. मी जीपच्या सीटखाली डोकं घालून, सुनंदाची शाल पांघरून रोल बदलत होतो. गवा चार मिनिटं थांबला. मी बाहेर आलो तेव्हा त्याची शेपटी तेवढी शिल्लक होती. ती मी काढली. अजून आहे माझ्याकडे. अर्धी.

संध्याकाळी सगळे डॉक्टरच्या कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. माझी सख्खी बायकोसुद्धा!

"अवो, पाहा तं! लगेच दिसते!" सुनंदा मला म्हणाली.

मामाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जवाईबापू, तुमचे कवा दिसतीन?"

"रोल धुतल्यावर. आठ दिवसानं."

"बाप्पा! तवरोक गवा म्हातारा होऊन जाईन!"

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर घेतला.

आता, ज्या काळात अमरावतीला वीज पाहुण्यासारखी यायची, त्या काळात कॉम्प्युटर घेणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर फोटोचं सॉफ्टवेअर होतं, तीस दिवस फुकट. त्या तीस दिवसांत मला वीज आणि सवड एकत्र लाभली ती एकूण नऊ तास. त्यातले चार तास फोटो उघडण्यात गेले. एक फोटो उघडायला सांगून मी दूध घेऊन यायचो, परत यायचो, तेव्हा कपाळापर्यंत माणूस आलेला असायचा. हनुवटी येता येता वीज जायची. एकतिसाव्या दिवशी सॉफ्टवेअरनं मला ओळख दाखवायचं बंद केलं. मग मी सुनंदाला सांगितलं की कॉम्प्युटर मुलांच्या प्रगतिपुस्तकांसाठी घेतलाय, आणि त्यावर एक भरतकामाचा रुमाल टाकला.

मत्सर हा शब्द मी वर्गात कधी शिकवला नाही, पण त्या वर्षी मला तो नकाशासकट काढून दाखवता आला असता.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कॅमेरे फार आले होते. दिल्लीचे, मुंबईचे, काही तर परदेशातलेही. कारणं सगळ्यांना माहीत आहेत आणि ती हसण्याची नाहीत. गावोगावी घरं अशी सुन्न झाली होती की दारावरून जाताना माणूस चप्पल वाजू द्यायचा नाही. पण या कॅमेरेवाल्यांना एकच फोटो हवा असायचा: म्हातारा शेतकरी, फाटकी बंडी, आणि नजर आभाळाकडे. मामाजींना वाटेत गाठून दोन वेळा "बाबा, ज़रा ऊपर देखिए" असं सांगून झालं होतं. मामाजींचं धोतर नीळ घातलेलं, हातात घड्याळ, बोटात अंगठी. त्यांनी वर पाहून विचारलं, "काय हाय वर? इमान चाल्लं काय?" फोटो काही कोणी काढला नाही.

आणि मग तो दिवस आला. मी, सुनंदा, डॉक्टर, वंदना, सगळे गावाला जमलो होतो, कारण धाकटा मेहुणा गजानन याची सोयरीक दर्यापूरला जुळली होती. ही गोष्ट लहान नव्हती. शेती करणारा मुलगा म्हटलं की त्या वर्षांत मुलीकडचे चहा यायच्या आधी चप्पल शोधायचे. गजाननची तीन स्थळं अशी गेली होती. चौथं जुळलं, म्हणून सासूबाईंनी शेतात जेवण ठेवलं.

जेवण झाल्यावर मामाजींनी सवयीप्रमाणे कवळी काढली, विसळली आणि विहिरीच्या काठावर ठेवली. बाजूच्या कडुनिंबावरून एक वानर उतरलं. मोठं, काळ्या तोंडाचं. आलं, कवळी उचलली, आणि परत वर!

"माहे दात! माहे दात घेतले रे यानं!" मामाजी ओरडले. (दातांशिवाय ते "माफे फात" असं ऐकू आलं, म्हणून गजानन आधी फावडं घेऊन धावला.)

वानर फांदीवर बसून कवळी उलटीसुलटी करून पाहत होतं. खाली मामाजी दोन्ही हात डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला लावून, गाल आत गेलेले, तोंड उघडं, डोळे वर. मी डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं कॅमेरा काढला, बटन दाबलं, पुन्हा दाबलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बॅटरी गेली! चार्जर अकोल्यालेच राह्यला!"

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सुनंदालाही कधी सांगितलं नाही. मला त्या वानराला मिठी मारावीशी वाटली! माझा कॅमेरा बॅटरीवाचून चालायचा. मी शांतपणे तीन फोटो काढले. पुढे वानरानं कवळी चावून पाहिली, आवडली नाही, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर फेकली. तोवर माझं काम झालं होतं.

रोल धुऊन आला. मधला फोटो पाहून हमीदभाई काउंटरमागे बसून हसायलाच लागले. "अरे सर! क्या चीज़ है! वो पेपरवाले की फोटो स्पर्धा चालू हाय ना, उसमें भेजो. अस्साच. बंदर के साथ!"

"हमीदभाई, हसण्याले बक्षीस भेटत नाही," मी म्हणालो. "रडण्याले भेटते."

"पर सर, आदमी तो दाँत के लिए रो रहा है!"

मी ऐकलं नाही. कारण मला बातमी लागली होती की डॉक्टर त्याच स्पर्धेला गवा पाठवतोय. गव्याला हरवायला गंभीर काहीतरी पाहिजे होतं.

हमीदभाईंनी तो फोटो आणि माझे काही जुने फोटो सीडीवर करून दिले. अमरावतीला वीज नव्हती, आणि माझ्या सॉफ्टवेअरनं तर संबंधच तोडले होते. तेव्हा मी सुटीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोला गाठलं. डॉक्टर दवाखान्यात होता. वंदनाला म्हणालो, "शाळेचं काम हाय, जरा कॉम्प्युटर वापरतो." ती बिचारी चहा ठेवायला गेली.

आणि मी बसलो डॉक्टरच्या खुर्चीत, डॉक्टरच्या सॉफ्टवेअरसमोर. काय सांगू! फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडला. शत्रूच्या तलवारीनं लढायचं सुख वेगळंच असतं!

आधी वानर कापलं. मग विहीर घालवली. मागची हिरवीगार तूर पुसून तिथे मी उन्हाळ्यात काढलेल्या एका आटलेल्या तळ्याची भेगाळ जमीन चिकटवली. धोतराची नीळ उतरवली. घड्याळ घालवलं. राहिली अंगठी. तिच्यासाठी त्या सॉफ्टवेअरात रबरी शिक्क्याचं चित्र असलेलं एक हत्यार होतं. एकीकडचा तुकडा उचलायचा, दुसरीकडे ठोकायचा. मी टोपीचा पांढरा तुकडा उचलला आणि अंगठीवर ठोकला. थोडं सोनं उरलं. पुन्हा ठोकला. कड राहिली. पुन्हा ठोकला. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन पाहिलं तर अंगठी पूर्ण गेली होती. मला फार समाधान वाटलं.

(आपण कुणाची बोटं मोजतो का? तुम्हीच सांगा.)

तीन तास लागले. फोटो साठवताना एक इंग्रजी खिडकी उघडली, तिच्यात आधीच काहीबाही लिहिलेलं होतं. मी ओके दाबलं. इंग्रजी खिडकी आली की मी ओकेच दाबतो, वाद घालत नाही. फाइलीला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, "मामाजी बार्शीटाकळी". सोबत मराठीत सुंदर पत्र टाईप केलं: माझं पूर्ण नाव, पत्ता आणि फोटोचं शीर्षक, "आता कुणाकडे पाहू?" आणि ईमेल करून दिलं.

आठ दिवसांनी सकाळी हमीदभाई मोपेड दामटत आमच्या दारात. हातात पेपर.

"सर, मुबारक हो! पहला पान!"

पहिलं पान! स्पर्धेच्या कोपऱ्यात नाही, पहिल्या पानावर, चार कॉलम! वर मोठ्या अक्षरांत "खचला!" आणि खाली, "बार्शीटाकळी येथील वृद्ध शेतकरी मामाजी." माझे डोळे भरून आले. मग मी त्याखालची बारीक ओळ वाचली.

छायाचित्र: डॉ. प्रमोद, अकोला.

मी ती ओळ चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, उन्हात नेऊन वाचली.

झालं होतं असं (हे मला नंतर कळलं): माझं मराठी पत्र पेपरच्या कॉम्प्युटरवर उघडलं तेव्हा त्यात नुसते चौकोन दिसले. आणि त्या इंग्रजी खिडकीत, जिला मी ओके म्हणालो, तिच्यात डॉक्टरनं स्वतःचं नाव कायमचं भरून ठेवलेलं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरमधून निघणाऱ्या प्रत्येक फोटोच्या पोटात त्याचं नाव जायचं!

"सर," हमीदभाई पेपर डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "एक उंगली कम हाय क्या?"

"उंगली सोडा हो! नाव पाहा नाव!"

मी निगेटिव्ह काढल्या. मूळ फोटोची मोठी प्रिंट काढली. पुरावे! सगळं पिशवीत भरलं. तेवढ्यात सुनंदा फोन ठेवून धावत बाहेर आली. "अवो, वंदीचा फोन होता! गावात मानसंच मानसं जमलीत! बाबांले काय झालं म्हणून सारे धावून राह्यले! चला लवकर!"

एस.टी.त सुनंदा रस्ताभर डोळे पुसत होती. मीही पुसत होतो. तिला वाटलं मी सासऱ्यांसाठी पुसतोय.

गावात पोचलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. मामाजी मधोमध खाटेवर बसलेले, आणि त्यांची थोरली बहीण, मूर्तिजापूरची गंगूआत्या, त्यांचा डावा हात धरून मोजत होती. "एक, दोन, तीन, चार…"

"अवो बाई, सारेच हायेत!" मामाजी हात सोडवत होते. "सकायपासून चवथ्यांदा मोजून राह्यली तू!"

"पेपरात चारच हायेत! मशिनीत गेलं काय रे भाऊ? मले तरी सांग!"

एका बाजूला तलाठी वही घेऊन. त्याला वरून हुकूम होता: सदर इसमाची अवस्था काय, बोट केव्हा व कशानं गेलं, याचा अहवाल आजच्या आज द्यावा. दुसऱ्या बाजूला एक पुढारी, सोबत एक घोंगडी, एक शिलाई मशीन आणि स्वतःचा फोटोग्राफर. तो मामाजींना सांगत होता, "बाबा, जरा वर पाहा ना!"

"मांगं बी दोनदा वर पाहाले लावलं!" मामाजी कडाडले. "काय इसरलं तुमचं तठी?"

आणि ओसरीवर, सगळ्यांपासून दूर, दर्यापूरचे पाहुणे. मुलीचे वडील. मांडीवर घडी केलेला पेपर. समोर चहा, साय धरलेला. गजानन खांबाला टेकून उभा होता, त्याच्या तोंडाकडे मला पाहवेना. तीन स्थळं गेली होती, चौथं डोळ्यांदेखत उठायच्या बेतात होतं.

पण खरं दृश्य अंगणाच्या मध्ये होतं. तिथे डॉक्टर उभा होता आणि सगळे त्याला झोडपत होते! सासूबाई, गंगूआत्या, तलाठी, शेजारीपाजारी, सगळे! वंदनाही त्याच्याशी बोलत नव्हती.

"मी नाही काढला हो!" डॉक्टर केविलवाणा म्हणत होता.

"तं मंग नाव कोनाचं हाय?" सासूबाईंनी पेपर त्याच्या नाकापुढे धरला. "भुताचं?"

मी दारातच थांबलो. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी वाचलो होतो! त्या एका इंग्रजी खिडकीनं मला वाचवलं होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. डिजिटल कॅमेरा, चौदा कप्पे, गवा, साऱ्यांची फेड आज एका अंगणात होत होती, तीही मी बोटसुद्धा न उचलता. (बोटाचा उल्लेख करायला नको होता.) मी पिशवी पाठीमागे सरकवली आणि चेहऱ्यावर मोठ्या जावयाला शोभेल अशी चिंता आणली.

आणि डॉक्टर मामाजींसमोर हात जोडून म्हणाला, "मामाजी, मले फाशी द्या, पन हे काम माहं म्हनू नका! हे पाहा. सावली इकडं, ऊन तिकडं! जमीन चिकटवली तं किनार फाटकी! बोट खाऊन टाकलं! मी असं भंगार काम करीन काय? ज्यानं हे केलं त्याले माऊस धरता येत नाही! माह्या कम्पाउंडरनं डोये मिटून याच्याहून बरं केलं असतं!"

"भंगार?" कोणीतरी ओरडलं. "तीन तास लागले मले!"

मला वाटलं, कोण बोललं? सगळे माझ्याकडे पाहत होते.

डॉक्टरच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग, मला स्पष्ट दिसलं, दया आली. ती मला सहन झाली नाही. मी पिशवी उघडली.

"मीच काढला!" मी सगळ्यांना निगेटिव्ह उन्हात धरून दाखवू लागलो. "हे पाहा! निगेटिव्ह माह्याकडं! त्याचा कॅमेरा तं बंद होता! हे पाहा मूळ फोटो! त्याचं फुकट नाव आलं!"

(एवढ्या उत्साहानं गुन्हा कबूल करणारा माणूस मी पहिलाच पाहिला, असं तलाठी नंतर म्हणाला.)

मामाजींनी प्रिंट हातात घेतली. बराच वेळ पाहिली. ओसरीवरून दर्यापूरचे पाहुणे उठून आले आणि त्यांनी हात पुढे केला. मामाजींनी फोटो दिला. पाहुण्यांनी आधी बोटं मोजली. पाच. मग घड्याळ पाहिलं. अंगठी पाहिली. काठोकाठ विहीर पाहिली, तूर पाहिली. मग त्यांची नजर वर फांदीवर गेली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"हे… हे वानेर काय करून राह्यलं हो?"

"माहे दात पाहून राह्यलं," मामाजी गंभीरपणे म्हणाले.

पाहुणे खाटेवर बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग फोटो हातोहात अंगणभर फिरला आणि अंगण हसायला लागलं. पाहुण्यांनी साय बाजूला सारून चहा प्यायला. ते पाहून गजानन खांब सोडून सरळ उभा राहिला.

एकटे मामाजी हसले नाहीत. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"जवाईबापू, माह्या हिरीले पानी हाय. दोन वक्त जेवतो. पोराचं लगन करून राह्यलो. पलीकडच्या गल्लीत नामदेव होता, तुमी त्याले ओयखत होते. तो गेला, तवा त्याच्या दारात कोनी आलं नाही. त्याच्या पोरी शायेत जाऊन राह्यल्या का नाही, हे इचाराले कोनी आलं नाही. अन् तुमी मले, धडधाकट मानसाले, नामदेव करून टाकलं. कायच्यासाठी? त्या गव्यासाठी?"

भूगोल शिकवतो, पण तेव्हा जमीन कुठे दुभंगते ते शोधत होतो.

मामाजी उठले. त्यांनी पुढाऱ्याला सांगितलं, "हे मशीन उचला. माह्यासंगं चला, नामदेवच्या घरी देऊ. त्याच्या बायकोले शिवता येते." फोटोग्राफर कॅमेरा घेऊन निघाला तसे मामाजी वळले. "तुमी नाही. तुमी अठी बसा, चहा प्या." फोटोग्राफर बसला. पुढाऱ्याचं तोंड उतरलं, पण इतक्या लोकांसमोर मशीन परत न्यायची सोय नव्हती. डॉक्टर पुढे झाला, मीही झालो, आणि ते मशीन त्या गल्लीपर्यंत आम्ही दोघा साडवांनी उचलून नेलं. जड होतं. वाटेत तो एकदाच बोलला, "भाऊजी, किनार मऊ कराची असते." मी म्हणालो, "कशी करतेत?" त्यानं सांगितलं. चांगलं सांगितलं. मला त्याचाही राग आला.

परत आल्यावर तलाठ्यानं माझ्याकडून ते पाच बोटांचं लिहून घेतलं. गजाननचं लग्न ठरल्या तिथीला झालं. मामाजी महिनाभर माझ्याशी मोजकं बोलले, मग सावकाश पूर्वीसारखे झाले.

पेपरवाल्यांनी आठवड्याभरात आतल्या पानावर खुलासा छापला. त्या दिवशी मी पेपर घ्यायला उजाडताच स्टँडवर गेलो. सुनंदाला वाटलं, नवऱ्याला पश्चात्ताप झाला. खुलासा सात ओळींचा होता. सदर छायाचित्र डॉ. प्रमोद यांचे नाही, डॉ. प्रमोद यांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत, डॉ. प्रमोद हे जाणकार छायाचित्रकार आहेत, वगैरे. डॉक्टरचं नाव तीनदा आलं होतं.

माझं एकदाच. तेही आडनाव चुकलेलं. मी दुरुस्तीसाठी पेपरला पत्र लिहिलं की, महाशय, त्या बोटाची चूक माझीच होती, तरी ती कृपया माझ्या बरोबर नावाने पुन्हा छापावी.